गाऊटची गोळी, पक्षाघाताचा रुग्ण आणि अडकून पडलेलं उत्तर : आयसीएमआरला खुले पत्र

प्रति,
महासंचालक,
भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद (आयसीएमआर), नवी दिल्ली
तसेच 'इन्स्ट्रक्ट' या भारतीय स्ट्रोक चाचणी जाळ्यातील सर्व डॉक्टर

विषय : पक्षाघातानंतर कमी मात्रेतलं कोल्चिसीन, भारतात सरकारी खर्चाने मोठी चाचणी घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्र फाइलला लागलं तरी पहिला परिच्छेद कुणाच्या तरी नजरेखालून जाईल. रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झालेल्या रुग्णाला गाऊटवरची जुनी गोळी, कोल्चिसीन, रोज अर्धा मिलिग्रॅम दिली तर पुढचा झटका टळतो का, याची चाचणी आपण भारतात, भारतीय रुग्णांवर, सरकारी पैशाने घ्यावी. औषध कंपनी ही चाचणी घेणार नाही, कारण तिला त्यात मिळण्यासारखं काही नाही. आणि युरोपातल्या ज्या डॉक्टरांनी ती घेतली, त्यांचे पैसे शेवटच्या टप्प्यावर संपले.

मी मिरजेत औषधाचं दुकान चालवतो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूरचे पेशंट येतात तसे विजापूर-बेळगावकडचेही येतात, आणि न्यूरोच्या ओपीडीतून निघालेल्या चिठ्ठ्या आमच्या काउंटरवर उतरतात. मी डॉक्टर नाही. पण कोणती गोळी कुणाला, कशाबरोबर आणि किती दिवस जाते आहे, हे औषधविक्रेत्याला दिसतं तसं फार थोड्यांना दिसतं. पत्र मराठीत लिहिलं आहे, कारण ते आपल्याइतकंच इथल्या घरांनीही वाचावं असं वाटतं. आपल्या कार्यालयात मराठी वाचणारे कमी नसतील.

गेल्या काही वर्षांत गाऊटची (युरिक ॲसिड सांध्यात साठून सांधा सुजण्याच्या आजाराची) औषधं पक्षाघाताच्या चिठ्ठ्यांवर दिसू लागली आहेत. त्यातली काही विचारपूर्वक लिहिलेली असतात, काही नुसती ओघात येतात. ओघात येणाऱ्यांचा एक नमुना सांगतो. रुग्ण साठीचा, डाव्या बाजूचा लकवा, घरी सोडलेला. चिठ्ठीवर ॲस्पिरिन 75, क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन 40, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनची जोडगोळी, शिवाय पित्ताची गोळी. काही महिन्यांनी घरचे लोक हौसेने 'फुल बॉडी'चं पॅकेज करून आणतात. त्यात युरिक ॲसिड 7.8 येतं, समोर लाल अक्षरात बाण. पुढच्या चिठ्ठीवर युरिक ॲसिड उतरवणारं गाऊटचं औषध, फेब्युक्सोस्टॅट 40. पेशंटचा अंगठा कधी सुजलेला नाही, सांधा कधी लाल झालेला नाही. आता गंमत बघा. ॲस्पिरिनची छोटी मात्रा मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर पडणं कमी करते. क्लोरथॅलिडोनही तेच करतं. म्हणजे दोन औषधांनी वर चढवलेला आकडा खाली आणायला तिसरं औषध. याच कामासाठी लोसार्टन निवडलं असतं तर ते बीपीबरोबर युरिक ॲसिडही थोडं उतरवतं, पण तो विचार करायला ओपीडीत वेळ कुणाला आहे!

फेब्युक्सोस्टॅट हे काही साखरेची गोळी नाही. गाऊट आणि हृदयविकार दोन्ही असलेल्या 6190 रुग्णांच्या 'केअर्स' चाचणीत ॲलोप्युरिनॉल या गाऊटच्याच दुसऱ्या औषधाच्या तुलनेत फेब्युक्सोस्टॅट घेणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू जास्त दिसले, 4.3 टक्के विरुद्ध 3.2 टक्के. त्यावरून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2019 मध्ये या औषधावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. नंतर युरोपात झालेल्या 'फास्ट' चाचणीत तसा धोका दिसला नाही, हेही खरं. पण ज्याला गाऊटच नाही अशा लकव्याच्या माणसाला हे औषध देऊन त्याच्या मेंदूच्या नसा सुधारतात, असं सांगणारं माझ्या वाचनात तरी काही आलेलं नाही.

मग गाऊटच्या औषधाने नसा सुधारतील ही कल्पना आली कुठून? ती हवेतून आलेली नाही, म्हणून जरा सविस्तर.

ॲलोप्युरिनॉल हे जुनं औषध. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी ते घडवलं, 1966 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि 1988 मध्ये या दोघांना नोबेल मिळालं. आपल्याकडे 'झायलोरिक' म्हटलं की जुन्या पेशंटना लगेच कळतं. ते झँथिन ऑक्सिडेझ नावाचं विकर (एन्झाइम) अडवतं. हे विकर युरिक ॲसिड तयार करतं, आणि करता करता ऑक्सिजनचे उपद्रवी कण बाहेर टाकतं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला सैल राहायला नायट्रिक ऑक्साइड लागतं, आणि हे कण नेमकं तेच खाऊन टाकतात. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी 2006 मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. ॲलोप्युरिनॉल दिलं तर अस्तराचं काम सुधारलं. पण प्रोबेनेसिड हे वेगळ्या मार्गाने काम करणारं औषध देऊन युरिक ॲसिड तितकंच खाली आणलं, तेव्हा काहीच सुधारलं नाही. म्हणजे फायदा युरिक ॲसिडचा आकडा उतरल्यामुळे झालेला नव्हता, विकर अडवल्यामुळे झाला होता. रिपोर्टवरच्या लाल बाणामागे धावणाऱ्यांनी एवढा एक प्रयोग वाचला असता तरी पुष्कळ स्ट्रिपा वाचल्या असत्या.

गंमत अशी की स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी बरोबर उलट्या बाजूने विचार केला. युरिक ॲसिड हे रक्तातलं एक नैसर्गिक ऑक्सिडीकरणरोधक आहे, म्हणून ताज्या पक्षाघातात गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनबरोबर त्यांनी युरिक ॲसिडच शिरेतून दिलं. 2014 मध्ये निकाल आला. 411 रुग्ण, थोडा कल औषधाकडे, पण ठाम फरक नाही. एकाच पदार्थाला एक गट शत्रू समजतो, दुसरा मित्र, आणि दोघांकडेही तर्क भक्कम. अशा वेळी मोठ्या चाचणीवाचून गत्यंतर नसतं.

ॲलोप्युरिनॉलच्या बाबतीत ती चाचणी झाली. ग्लासगो विद्यापीठाच्या डॉ. जेसी डॉसन यांच्या गटाने आधी 80 रुग्णांवर वर्षभर प्रयोग केला. मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत जाड होण्याचा वेग कमी झाला, बीपीही थोडं उतरलं. आशा वाटावी असाच निकाल. मग त्यांनीच मोठी चाचणी उभी केली, 'झायलो-फिस्ट'. ब्रिटनमधल्या 22 केंद्रांतले, पक्षाघात किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेलेले 464 रुग्ण. निम्म्यांना दिवसातून दोनदा 300 मिलिग्रॅम ॲलोप्युरिनॉल, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, दोन वर्षं. मोजायचं काय, तर एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात दिसणारे बारीक ठिपके किती वाढले. आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' अशी जी ओळ असते आणि जी वाचून नातेवाईक घाबरतात, तेच हे ठिपके. दोन वर्षांनी दोन्ही गटांत ते जवळजवळ सारखेच वाढले होते. बीपी थोडं उतरलं, ठिपके थांबले नाहीत.

त्याच सुमारास, 2022 मध्ये, 'ऑल-हार्ट'चा निकाल आला. साठीपुढचे, हृदयविकार असलेले पण गाऊट नसलेले 5721 लोक, सरासरी जवळजवळ पाच वर्षं. ॲलोप्युरिनॉल घेणाऱ्यांपैकी 11.0 टक्क्यांना हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू आला, न घेणाऱ्यांपैकी 11.3 टक्क्यांना. इतका बारीक फरक की त्याला फरक म्हणू नये.

माझं मत विचाराल तर हा विषय इथे संपला. गाऊट असेल तर ॲलोप्युरिनॉल घ्यावं, ते गाऊटचं चांगलं औषध आहे. गाऊट नसेल तर पक्षाघातानंतर नसा सुधारण्यासाठी ते सुरू करण्याला आज आधार नाही. शिवाय त्याची दुसरी बाजूही आहे. क्वचित एखाद्याच्या अंगावर पुरळ उठतं, तोंडात फोड येतात, कातडी सोलवटते, जीवावर बेततं. विशिष्ट जनुक असलेल्यांत हा धोका बराच जास्त असतो, ते जनुक आशियात काही समाजांत अधिक सापडतं, आणि आपल्याकडे त्याची तपासणी करून मग औषध सुरू होतंय असं मी तरी पाहिलेलं नाही. ही जोखीम गाऊटसाठी घेणं समजू शकतं. एमआरआयवरच्या ठिपक्यांसाठी कशाला?

कोल्चिसीनची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि पत्र त्यासाठीच लिहिलं आहे.

कोल्चिसीन युरिक ॲसिडला हातही लावत नाही. ते दाह (इन्फ्लमेशन) शमवतं. पांढऱ्या पेशींच्या आतला सांगाडा बांधणाऱ्या प्रथिनाला ते चिकटतं, त्या पेशी सुस्तावतात आणि दाहाची साखळी मंदावते. रक्तवाहिनीच्या भिंतीत साठलेल्या चरबीचा थर फुटून गुठळी होते, त्यामागेही असाच धुमसता दाह असतो. दाह कमी केला की झटके कमी होतात, हे 2017 मध्ये 'कँटोस' या दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीने दाखवलं, पण त्यातलं औषध सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं. मग सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या या जुन्या स्वस्त गोळीकडे.

आपल्याला ही गोळी परकी नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी सर्वांनी पाहिलेली असते. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं. म्हणून तर तो कंद चुकून खाल्लेला माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. त्यावर उतारा नाही. तमिळनाडूत बियांसाठी तिची शेती होते. म्हणजे कच्चा माल आपल्या शेतात आणि गोळ्याही आपल्याच कारखान्यांत. चाचणी तेवढी दुसऱ्यांच्या देशात.

2019 मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या गटाने 'कोलकॉट' प्रसिद्ध केली. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले 4745 रुग्ण, रोज अर्धा मिलिग्रॅम. वाईट घटना 7.1 टक्क्यांवरून 5.5 टक्क्यांवर आल्या, आणि पक्षाघात 0.8 वरून 0.2 वर. पुढच्याच वर्षी 'लोडोको-2'. जुना हृदयविकार, 5522 रुग्ण, वाईट घटना 9.6 टक्क्यांवरून 6.8 टक्क्यांवर. या जोरावर जून 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने हृदयविकाराच्या रुग्णांसाठी कोल्चिसीनच्या अर्ध्या मिलिग्रॅमला मान्यता दिली.

हे झालं हृदयाचं. मेंदूचं काय? डब्लिनचे डॉ. पीटर केली यांच्या पुढाकाराने 'कन्व्हिन्स' चाचणी झाली. बहुतेक युरोपातले असे 13 देश, 3154 रुग्ण, हृदयातून गुठळी आलेली नाही असा पक्षाघात किंवा छोटा झटका, रोज अर्धा मिलिग्रॅम. तीन वर्षांना थोडे कमी इतका पाठपुरावा. कोल्चिसीन घेणाऱ्यांपैकी 9.8 टक्क्यांना पुन्हा पक्षाघात, हार्ट अटॅक वगैरे काही झालं, न घेणाऱ्यांपैकी 11.7 टक्क्यांना. हजार रुग्णांमागे एकोणीस-वीस जणांचा फरक. पण संख्याशास्त्राच्या चाळणीतून तो पार होत नाही. खरा परिणाम 32 टक्के फायद्यापासून 5 टक्के तोट्यापर्यंत कुठेही असू शकतो, एवढंच त्यातून म्हणता येतं.

आणि ही चाचणी ठरलेल्या जागेपर्यंत पोचलीच नाही. 367 घटना घडेपर्यंत चालवायची असं ठरलं होतं. कोविडमुळे खर्चाचं गणित कोलमडलं आणि 338 घटनांवर ती थांबवावी लागली. उरलेल्या 29 घटनांनी निकाल फिरला असता असं मी म्हणत नाही. कदाचित फिरला नसता. पण एखाद्या नव्या पेटंटवाल्या औषधाचा निकाल असा उंबरठ्यावर आला असता, तर कंपनीने दुसरी, दुप्पट मोठी चाचणी लगेच लावली असती. इथे तसं कोण करणार?

'कन्व्हिन्स'चा निकाल आला त्याच 2024 सालात चीनमधून 'चान्स-3' आली. 8343 रुग्ण, सगळे ताज्या पक्षाघाताचे किंवा छोट्या झटक्याचे, रक्तात दाहाची खूण वाढलेले. 90 दिवसांत पुन्हा पक्षाघात : 6.3 टक्के विरुद्ध 6.5. फरक नाही. आणि वर्षअखेरीस हृदयविकारातही 'क्लिअर सिनर्जी'ने 7062 रुग्णांत फायदा नसल्याचं सांगितलं. त्यामुळे कोल्चिसीनचा उदोउदो करणारी व्हॉट्सॲपची पोस्ट घेऊन कुणी दुकानात आलं की मी त्याला हे दोन निकालही सांगतो. पण 'चान्स-3' तीन महिन्यांची होती. नसांच्या भिंतीतला दाह शमायला तेवढा काळ पुरतो का, हा प्रश्न तिथे उरतोच. सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्या तर पारडं अजून कोल्चिसीनच्या बाजूने झुकतं. म्हणजे प्रश्न मिटलेला नाही, अडकलेला आहे.

आता भारतातच का, असं आपण विचाराल.

पहिलं कारण नसांचं. गोऱ्या लोकांत पक्षाघाताचं मूळ बऱ्याचदा मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत असतं. आपल्याकडे आणि पूर्व आशियात कवटीच्या आतल्या नसा अरुंद होण्याचं प्रमाण जास्त. युरोपातला निकाल जसाच्या तसा मिरजेच्या पेशंटला लावायचा म्हटलं तर तिथेच पाय अडतो.

दुसरं कारण जंतुसंसर्गाचं, आणि मला जास्त काळजी त्याची आहे. 'कोलकॉट'मध्ये न्यूमोनिया कोल्चिसीनच्या गटात 0.9 टक्के होता, दुसऱ्या गटात 0.4. तिथले रुग्ण हृदयाचे होते, व्यवस्थित गिळणारे. लकव्याच्या पेशंटला अनेकदा गिळताना ठसका लागतो. पेज श्वासनलिकेत जाते, छाती भरते. त्यात आपल्याकडे क्षयरोग. दाह शमवणारं औषध अशा माणसांना वर्षानुवर्षं द्यायचं तर त्याचा हिशेब आपल्याच वॉर्डात व्हायला हवा.

तिसरं कारण काउंटरवरचं. छाती भरली की पेशंट मोठ्या डॉक्टरकडे परत येत नाही, गावातल्या डॉक्टरकडे जातो. तो क्लॅरिथ्रोमायसिन लिहितो. क्लॅरिथ्रोमायसिन आणि कोल्चिसीन एकत्र गेले की कोल्चिसीन शरीरातून बाहेर पडायचं थांबतं आणि रक्तातली मात्रा विषारी पातळीला जाऊ शकते. मूत्रपिंड अधू असेल तर धोका आणखी. बीपीसाठीच्या डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल या गोळ्यांचाही असाच त्रास. आणि कोलेस्टेरॉलची गोळी तर प्रत्येक लकव्याच्या पेशंटला असतेच. दोन्हींमुळे स्नायू दुखू लागले की पेशंट म्हणतो, लकव्यामुळेच अशक्तपणा आलाय. एका बाईंच्या हातात मी दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी पाहिल्या आहेत. एक शहरातली, कोल्चिसीनची. दुसरी तालुक्याच्या गावातली, क्लॅरिथ्रोमायसिनची. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होते, एकमेकांचं लिहिलेलं मात्र दोघांनीही पाहिलं नव्हतं. मी फोन करून अँटिबायोटिक बदलून घेतलं. पण गोळ्या दोन वेगळ्या दुकानांतून घेतल्या असत्या तर कुणाच्या लक्षात आलं असतं?

युरोपातल्या चाचणीत रुग्णांवर बारीक लक्ष असतं, काय चालू आणि काय बंद हे लिहिलेलं असतं. आपल्याकडे हे औषध खऱ्या आयुष्यात किती सुरक्षित ठरेल, हे आपल्याच गर्दीत पाहिल्याशिवाय कळणार नाही.

हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. आपण ते करून दाखवलेलं आहे. 2020 च्या उन्हाळ्यात कोविडवर उपाय म्हणून सगळं जग बऱ्या झालेल्या रुग्णांच्या प्लाझ्माच्या मागे धावत होतं. आपल्याच परिषदेने 39 रुग्णालयांतल्या 464 रुग्णांवर 'प्लॅसिड' चाचणी घेतली आणि प्लाझ्माने जीव वाचत नाहीत असं स्पष्ट सांगितलं. त्या निकालानंतरही प्लाझ्मासाठीचे मेसेज काही महिने फिरत राहिले, पण शेवटी मे 2021 मध्ये तो उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांतून निघाला तो या आणि अशाच इतर चाचण्यांच्या पुराव्यावर. मी त्या एप्रिलमध्ये दुकानात उभा होतो. रेमडेसिव्हिरसाठी लोक रात्रभर रांगेत थांबत, हातापाया पडत. जीव वाचवणारं डेक्सामेथासोन मात्र काही रुपयांत शेल्फवर पडून असे. ते उपयोगी आहे हे आदल्या वर्षी ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने दाखवलं होतं, तेही सरकारी पैशाने. स्वस्त औषधाला असा कुणीतरी वाली लागतो.

पक्षाघातासाठी तर आपल्याकडे यंत्रणा तयारच आहे. 'इन्स्ट्रक्ट' जाळ्याने 'स्प्रिंट इंडिया' ही चाचणी 31 केंद्रांत केली, 4298 रुग्ण, 12 भाषांत एसएमएस, व्हिडिओ आणि पुस्तिका. त्या साहित्याने दुसरा झटका कमी झाला नाही, आणि तसं आपण प्रामाणिकपणे छापलंत. मला त्या निकालापेक्षा आकडा महत्त्वाचा वाटतो. 'कन्व्हिन्स'ला 13 देशांत मिळून जितके रुग्ण मिळाले, त्याहून जास्त आपण एका देशात गोळा केले, आणि त्यातला काही काळ तर कोविडचा होता.

खर्चाचा मुद्दा येईल. गोळी स्वस्त आहे, चाचणी स्वस्त नसते, हे मला कळतं. पण जुन्या औषधाचं उत्तर बाजारावर सोडलं की काय होतं, हे कोल्चिसीननेच अमेरिकेला दाखवलं आहे. 2009 मध्ये एका कंपनीने याच गोळीच्या थोड्या चाचण्या केल्या, त्या बदल्यात काही वर्षांची मक्तेदारी मिळवली, आणि नऊ सेंटची गोळी जवळजवळ पाच डॉलरला गेली. शेकडो वर्षं गाऊटवर वापरात असलेली वनस्पती, नव्याने शोधलेलं काहीच नाही, आणि किंमत पन्नासपट. उद्या पक्षाघातासाठी कुणी तसंच केलं तर आमच्या काउंटरवर काय होईल, याची कल्पना करवत नाही.

चाचणी कशी असावी हे सांगण्याचा अधिकार मला नाही. तरी दुकानातून दिसणाऱ्या काही गोष्टी सांगतो. कवटीच्या आतल्या नसा अरुंद असलेले रुग्ण भरपूर घ्या, ते तालुक्याच्या गावांतही सापडतील. तीन महिन्यांवर थांबू नका, दोन-तीन वर्षं तरी चालवा. ज्यांना नीट गिळता येत नाही त्यांचा न्यूमोनिया वेगळा मोजा. सहभागी रुग्णाच्या खिशात एक कार्ड ठेवा, मराठीत, कन्नडमध्ये, ज्याच्या त्याच्या भाषेत. त्यावर 'ही गोळी चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन देऊ नये' असं ठळक लिहा, म्हणजे गावातला डॉक्टर आणि औषधविक्रेता दोघांनाही ते दिसेल. संमतीपत्र असं असावं की ते सूनबाईंना मोठ्याने वाचून दाखवता यावं. आज जी मराठी संमतीपत्रं दिसतात त्यांतली काही वाचताना मलाच घाम फुटतो.

आणि चाचणी संपेपर्यंतच्या काळासाठी एक पानाचं निवेदन काढा. गाऊट नसताना नसांसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेब्युक्सोस्टॅट सुरू करायला आज पुरावा नाही, पक्षाघातानंतर कोल्चिसीन अजून सिद्ध झालेलं नाही, आणि ज्यांना गाऊटसाठी यांतलं काही चालू आहे त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी यांचं महत्त्व कशानेही कमी होत नाही, हेही त्यात असू द्या. लोक नवं औषध मागायला येतात तेव्हा जुनी स्ट्रिप महिन्यापूर्वीच संपलेली असते, हा आमचा रोजचा अनुभव आहे.

चाचणी घ्यायचीच नाही असं आपण ठरवलं, तर तेही कारणासह जाहीर करा. पैसे नाहीत असं असेल तर तसं म्हणा. शास्त्रीय कारण असेल तर ते सांगा. आणि चाचणी घेतलीत, निकाल 'फायदा नाही' असा आला, तरी आम्हाला तो हवाच आहे. आज कोल्चिसीन लिहिलेली चिठ्ठी समोर आली की मी क्लॅरिथ्रोमायसिनबद्दल डॉक्टरांना फोन करू शकतो. पण ही गोळी या पेशंटला मुळात हवी का, असं विचारण्याइतकं काही माझ्या हातात नाही, आणि त्यांच्याही नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
मिरजेतील एक औषधविक्रेता